ह्यातलं माझं रान कंचं?

गेल्या महिन्यात बेळगावच्या टिळकवाडीत एका ओळखीच्या सीएंच्या ऑफिसात आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. दोन पतसंस्थांचे सचिव, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे अकाउंटंट, एका साखर कारखान्याच्या शेती विभागातले अधिकारी, आणि अशा संस्थांना गेली वीस-पंचवीस वर्षं डेटाबेसचे प्रोग्रॅम लिहून देणारे आम्ही काही जण. प्रश्न साधा होता. अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये जो कोड पुन्हा पुन्हा लागतो, म्हणजे व्याजाची आकारणी, जमिनीच्या मापांचं रूपांतर, रक्कम अक्षरी लिहिणं, तो ठेवायचा कुठे आणि सांभाळायचा कुणी? अर्ध्या तासात खोलीत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, डेटाबेसच्या पोटात कोड ठेवणं हाच जुनाटपणा, सगळं काढा आणि क्लाउडवर न्या. दुसऱ्या बाजूचं एकच पालुपद, “चालायलंय की, कशाला हात लावतासा?” दोन्हीकडून आवाज चढले. पण व्याजाचा नियम आपल्या प्रोग्रॅममध्ये नेमका किती ठिकाणी लिहिलेला आहे, हे त्या खोलीत कुणीही कुणाला विचारलं नाही. साधन जुनं की नवं यावर दोन तास गेले आणि ज्या नियमांसाठी ती साधनं आहेत, ते बाजूलाच राहिले.

माझं मत आधीच मांडतो. संस्थेचा प्रत्येक नियम एकदाच लिहिलेला असावा. ज्या डेटाला तो लागतो त्याच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवावा. त्याची मूळ प्रत साध्या, माणसाला वाचता येईल अशा मजकुरात, संस्थेच्या ताब्यात असावी. नकला करायची वेळ आली तर कराव्यात, पण त्या मूळ प्रतीशी ताडून घेतल्याशिवाय वापरू नयेत. अ‍ॅक्सेस राहिलं काय आणि गेलं काय, सर्व्हर बेळगावात असला काय आणि मुंबईत असला काय, यात काही फरक पडत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंचा ऊस घेणाऱ्या एका कारखान्याच्या गट ऑफिसात मी बसलो होतो. ऊस नोंदीचा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला होता, मला तो नुसता बघायला बोलावलं होतं. तेवढ्यात सत्तरीच्या घरातले एक शेतकरी आत आले. डोक्यावर टोपी, हातात घडी घालून मऊ झालेले दोन कागद. त्यांनी ते दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी पसरले. दोन्ही त्याच ऑफिसातून छापलेले. एकावर त्यांचं नोंदलेलं क्षेत्र ३.५०, दुसऱ्यावर ४ एकर १० गुंठे. त्यांनी ऊस नोंदवणाऱ्या चिटबॉयकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ह्यातलं माझं रान कंचं?”

घोटाळा समजायला मला दुपार लागली. आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकच्या, आरटीसी या जमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे असं असतं आणि मध्ये टिंबं असतात. पलीकडे, महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात, तिथेही मध्ये टिंबंच असतात. आता शंभर आर म्हणजे एक हेक्टर. त्यामुळे सातबाऱ्यावरचा आकडा दशांश समजून टाईप केला तरी बेरीज बरोबर येते. एकराचे गुंठे मात्र चाळीस. २ एकर २० गुंठे आणि १ एकर ३० गुंठे यांची बेरीज ४ एकर १० गुंठे होते. हेच आकडे २.२० आणि १.३० म्हणून संख्येच्या रकान्यात भरले तर कॉम्प्युटर निमूटपणे ३.५० सांगतो. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्याला हेक्टर-आरची सवय होती. सीमेपलीकडे त्याची सवय बरोबर होती, अलीकडे चुकत होती, आणि कॉम्प्युटरला सीमा कुठे आहे हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. एकरी ४० टन धरले तर ३.५० एकरांचे १४० टन होतात. खरं क्षेत्र सव्वाचार एकर, त्याचे १७० टन. एका शेतकऱ्याच्या अंदाजात ३० टनांचा फरक! तोडणीचा कार्यक्रम या अंदाजावर ठरतो.

मग दुसऱ्या कागदावर बरोबर आकडा कसा? मधल्या काळात एका हुशार क्लार्कने गावनिहाय रिपोर्टमध्ये ती बेरीज दुरुस्त केली होती. त्याला चूक दिसली ती त्या रिपोर्टमध्ये, म्हणून त्याने तिथेच सुधारली. तीच बेरीज नोंदणीच्या फॉर्ममागे होती, टनांच्या अंदाजात होती, एक्सेलमध्ये माहिती काढून देणाऱ्या बटणामागे होती, आणि वर्षअखेरीच्या तक्त्यातही होती. पाच जागा. एक सुधारली, चार तशाच राहिल्या. क्लार्कने काहीही चुकीचं केलं नव्हतं. उरलेल्या चार जागा आहेत, हे त्याला सांगणारं काही नव्हतं, एवढंच.

असं का होतं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. अ‍ॅक्सेसमध्ये फॉर्मवर बटण ठेवलं की त्याच्यामागे कोड लिहायची खिडकी उघडते. तिथेच लिहिणं सगळ्यांत सोपं. पण फॉर्ममागे लिहिलेला हिशेब क्वेरीला, म्हणजे टेबलातून माहिती मागवणाऱ्या प्रश्नाला, सहज वापरता येत नाही, रिपोर्टला येत नाही. तेव्हा तो उचलून दुसरीकडे चिकटवला जातो. अ‍ॅक्सेसमध्येच स्वतंत्र मॉड्यूल, म्हणजे फक्त कोडची वेगळी वही, ठेवायची सोय आहे. तिथे सार्वजनिक म्हणून लिहिलेलं फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेला हिशेब, फॉर्म, रिपोर्ट आणि क्वेरी अशा तिघांनाही वापरता येतं. म्हणजे जागा होती, सोय होती, फक्त शिस्त नव्हती. आणि शिस्तीची कल्पनाही नवी नाही. केंब्रिजला एडसॅक नावाचा कॉम्प्युटर मे १९४९ मध्ये चालू झाला, आणि त्यावर काम करणाऱ्यांनी नेहमी लागणाऱ्या हिशेबांच्या छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांचा संग्रह कपाटात, खणांत, नाव घालून ठेवायला सुरुवात केली. कुणाला वर्गमूळ काढायचं असेल तर त्याने नव्याने लिहायचं नाही, खणातली पट्टी काढून नक्कल करून घ्यायची. त्या संग्रहावर काम करणाऱ्या डेव्हिड व्हीलर यांनी १९५२ मध्येच नोंदवून ठेवलंय की हिशेब लिहून झाल्यावरही एक मोठं काम उरतं, ते म्हणजे आतलं काही माहीत नसलेल्या माणसाला तो वापरता यावा असं त्याचं वर्णन लिहिणं, आणि हेच काम सगळ्यांत अवघड ठरू शकतं. आपल्याकडे पाऊणशे वर्षांनंतर हेच काम राहून जातं.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यांत बळकट मुद्दा घेतो, कारण तो खरोखरच बळकट आहे. “हात लावू नका” म्हणणाऱ्या सचिवांना आळशी समजण्याचं कारण नाही. त्यांनी पाहिलेलं असतं की एका जागी केलेल्या दुरुस्तीने दहा जागा मोडतात. पाच ठिकाणी पाच नकला असल्या तर एक बिघडली तरी चार चालतात. सगळ्यांनी एकाच फंक्शनवर भार टाकला आणि तेच घसरलं, तर पगार, पावत्या, लेजर सगळं एकाच सकाळी बंद. हे काल्पनिक नाही. मार्च २०१६ मध्ये वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेच्या जगात डावीकडे जागा भरणारा अवघा अकरा ओळींचा एक सामायिक तुकडा त्याच्या लेखकाने मागे घेतला आणि जगभरात हजारो प्रकल्प अडले. त्याहून मोठं उदाहरण ४ जून १९९६ चं. युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळिसेक सेकंदांत नष्ट झालं. आधीच्या एरियन-४ मधला, तिथे व्यवस्थित चाललेला कोड त्यात जसाच्या तसा घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, तो आकडा सोळा बिटांच्या रकान्यात मावला नाही, आणि यंत्रणा कोसळली. पुन्हा वापरलेला कोड घातक ठरू शकतो याचा याहून मोठा पुरावा कोणता?

पण त्या घटनेतून नेमकं काय शिकायचं? एरियन-४ चा कोड चुकीचा नव्हता. तो कोणत्या मर्यादेपर्यंत बरोबर आहे, ही अट नव्या ठिकाणी तपासली गेली नाही. म्हणजे दोष सामायिक असण्यात नव्हता, न तपासता सामायिक करण्यात होता. आणि आपल्या कारखान्यातली हेक्टरची सवय एकराला लावली गेली, ती तर चक्क नक्कल होती. नक्कल केल्याने ती चूक टळली नाही, पाचपट झाली आणि तिचे पाच तुकडे विखुरले. सामायिक फंक्शन मोडतं तेव्हा निदान आवाज होतो, सगळ्यांना कळतं. पाच नकलांपैकी एक चुकते तेव्हा काहीच आवाज होत नाही. एखादा म्हातारा दोन कागद शेजारी ठेवेपर्यंत ती चूक गप्प बसते. माझ्या मते संस्थेला मोठ्याने मोडणारी चूक परवडते, गप्प बसणारी परवडत नाही.

वजनमापांचा इतिहास आपल्या बाजारपेठांना चांगला ठाऊक आहे. मेट्रिक पद्धत येण्याआधी पायली आणि शेर एका पेठेत एक, दुसऱ्या पेठेत दुसरा, असा व्यवहार होता. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. पण म्हणून देशातल्या प्रत्येक दुकानदाराने दिल्लीला जाऊन वजन केलं का? नाही. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत एक मूळ किलोग्रॅम ठेवला गेला, आंतरराष्ट्रीय मूळ वजनाची ५७ क्रमांकाची प्रत. त्याच्याशी ताडलेली वजनं खाली राज्यांत गेली, त्यांच्याशी ताडलेली जिल्ह्यांत, आणि रविवार पेठेतल्या दुकानातल्या वजनावर निरीक्षकाचा शिक्का बसला. नकला लाखोंनी होत्या. नकलेला बंदी नव्हती, बिनशिक्क्याच्या नकलेला होती. कोडच्या बाबतीत मी नेमकं हेच मागतो आहे. वेबसाइटवाल्याला तोच नियम पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत लिहावा लागला तर लिहू दे. पण ज्याची उत्तरं आधीच माहीत आहेत अशा वीस-पंचवीस ओळींचा एक तपासणी तक्ता संस्थेकडे असावा, आणि त्या तक्त्यातून प्रत्येक नक्कल काढून बघितल्याशिवाय ती चालू होऊ नये. हा शिक्का मारायला पैसे लागत नाहीत. एक दुपार लागते.

साध्या वाटणाऱ्या गोष्टीही शिक्क्याशिवाय कशा फसवतात, याचं एक उदाहरण फाउंड्रीतलं आहे. तिथे बिल अ‍ॅक्सेसमधून निघायचं आणि महिन्याचा तपशील एक्सेलमध्ये जुळवला जायचा. दोन्हींत कराचा आकडा पूर्ण रुपयांत करायला राउंड याच नावाचं फंक्शन. तरी महिनाअखेर एक-दोन रुपये जुळायचे नाहीत, आणि अकाउंटंट रात्री आठपर्यंत बिलं चाळत बसायचे. कारण असं की अ‍ॅक्सेसच्या व्हीबीए या कोड लिहायच्या भाषेतलं राउंड बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. अडीचचे दोन होतात आणि साडेतीनचे चार. एक्सेलचं राउंड अडीचचे तीन करतं. इतकंच काय, त्याच व्हीबीएमध्ये तोच अडीचचा आकडा फॉरमॅट वापरून छापला तर तीन उमटतात! एकच शब्द, उत्तरं दोन. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० मात्र स्वच्छ आहे: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्या. म्हणजे इथे नियम कॉम्प्युटरचा नाहीच, कायद्याचा आहे. तो कुणीतरी एकदा, स्वतःच्या नावाचं फंक्शन करून लिहायला हवा होता. बिल करणाऱ्या प्रत्येक बटणामागे तयार राउंड वापरून तो नियम कंपनीच्या मर्जीवर सोडला गेला होता.

“सगळं बाहेर काढा” म्हणणाऱ्यांचाही एक मुद्दा मला मान्य करावा लागतो. डेटाबेसच्या फाइलीत बंद असलेला कोड खरंच कैदेत असतो. अ‍ॅक्सेसची फाइल उघडून तिच्यातली काल आणि आजची प्रत शेजारी ठेवून काय बदललं ते बघता येत नाही. फाइल बिघडली की कोडही तिच्यासोबत जातो. बाहेरच्या एखाद्या लायब्ररीचा, म्हणजे तयार कोडच्या फाइलीचा, रेफरन्स सापडेनासा झाला तर प्रोग्रॅम म्हणतो की मला तारखेचं फंक्शनच माहीत नाही. तारखेचा आणि त्या हरवलेल्या लायब्ररीचा काडीचा संबंध नसतो, पण नवीन कॉम्प्युटर आला की सकाळी दहाला फोन येतो, “मॅडमच्या पीसीवर तारीख चालत नाही.” आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कुलूपबंद प्रत. एमडीई किंवा एसीसीडीई करून दिलेल्या फाइलीत लिहिणाऱ्याचा मूळ मजकूर नसतोच, तो काढून टाकलेला असतो. लिहिणारा पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीला गेला, त्याचा लॅपटॉप बदलला, की ती संस्था कायमची त्या दिवशीच्या नियमांवर थांबते. अशा दोन पतसंस्था मी बघितल्या आहेत. व्याजाचा नियम बदलायचा ठराव संचालक मंडळाने एकमताने केला, आणि तो अंमलात आणता आला नाही, कारण आकारणीचा कोड जगात कुणाकडेच उरला नव्हता. मंडळाचा ठराव मोठा की हरवलेली फाइल मोठी?

या भागात राहणाऱ्याला हे दुःख ओळखीचं वाटलं पाहिजे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पेटीत मोडीत लिहिलेले कागद आहेत. वाटणीपत्र, कर्जरोखा, देवस्थानाच्या जमिनीचा दाखला. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, आणि आजोबांच्या पिढीला मोडी शाळेत शिकवलेली होती. कागद टिकला, शाई टिकली, वाचणारा गेला. आज जमिनीचा वाद उभा राहिला की मोडी जाणणारा माणूस शोधत फिरावं लागतं, आणि तो जे वाचून सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो. ज्याचे आपण मालक आहोत त्या कागदाचे आपण परके होतो. एसीसीडीईत बंद असलेला व्याजाचा नियम म्हणजे याहून वेगळं काय आहे?

पण यावरचा इलाज डेटाबेस टाकून देणं हा नाही. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद जाळायचे नसतात, लिप्यंतर करून ठेवायचं असतं. अ‍ॅक्सेसमध्ये सेव्ह-अ‍ॅज-टेक्स्ट नावाची सोय आहे. कंपनीच्या मदतपुस्तिकेत ती सहसा सापडत नाही, पण जुने लोक रोज वापरतात. तिने प्रत्येक मॉड्यूल, फॉर्म, क्वेरी साध्या मजकुराच्या फाइलीत काढता येते, आणि त्या मजकुरातून परत आतही घेता येते. दर महिन्याला त्या फाइली तारखेच्या फोल्डरमध्ये टाकल्या, जमलं तर गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवल्या, की काल आणि आज यांतला फरक ओळीओळीने दिसतो. डेटा वेगळ्या फाइलीत आणि फॉर्म-कोड वेगळ्या फाइलीत, असे दोन भाग केले की फाइल बिघडण्याची निम्मी भीती जाते. कोड आत चालतो, त्याची मूळ प्रत बाहेर राहते. यात विरोध कुठे आहे?

डेटाच्या जवळ ठेवण्याचा आग्रह मी का धरतो, तेही सांगायला हवं, कारण इथेच नव्या मंडळींशी माझे खरे मतभेद आहेत. कारखान्याने पुढे शेतकऱ्यांसाठी वेबसाइट केली. अ‍ॅक्सेसच्या मॉड्यूलमध्ये लिहिलेलं फंक्शन अ‍ॅक्सेसच्या आतच चालतं. बाहेरच्या प्रोग्रॅमने तीच क्वेरी मागवली तर हे फंक्शन मला माहीत नाही असं उत्तर येतं. तेव्हा वेबसाइटवाल्याने गुंठ्यांचा हिशेब नव्याने लिहिला, सहावी नक्कल. तोच हिशेब डेटाबेस सर्व्हरवर फंक्शन म्हणून ठेवला असता तर फॉर्म, वेबसाइट आणि मोबाइल यांना एकच उत्तर मिळालं असतं. ही सोयही काही आजची नाही. ओरॅकल या डेटाबेसच्या सातव्या आवृत्तीत ती १९९२ मध्ये आली, फुकट मिळणाऱ्या मायएसक्यूएलच्या ५.० आवृत्तीत २००५ मध्ये. यावर मला सांगितलं जातं की ओरॅकलची बोली वेगळी, मायक्रोसॉफ्टची वेगळी, पोस्टग्रेसची वेगळी, मग उद्या सर्व्हर बदलला की सगळं पुन्हा लिहावं लागेल. खरं आहे, लिहावं लागेल. पण एकदा लिहावं लागेल, आणि तपासणी तक्ता हातात असेल. शिवाय गेल्या पंचवीस वर्षांत माझ्या ओळखीच्या संस्थांनी फॉर्म बदलले, रिपोर्ट बदलले, वेबसाइट दोनदा बदलल्या, डेटाबेस मात्र सगळ्यांत शेवटी बदलला. जे सगळ्यांत जास्त टिकतं त्याच्याजवळ नियम ठेवायचा नाही तर कशाजवळ?

आणि काही नियम तर कोड लिहायच्याही आधीचे असतात. गुंठ्यांसाठी वेगळा रकाना आणि त्या रकान्यावर टेबलातच अट, ० ते ३९. एवढं पहिल्या दिवशी केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. एकाच रकान्यात २.२० भरलं की संख्या म्हणून ते २.२ असं साठतं. कुणी २ एकर २ गुंठ्यांसाठीही २.२ भरलेलं असतं. एकदा हे झालं की जगातलं कुठलंही फंक्शन दोन गुंठे आणि वीस गुंठे यांत फरक करू शकत नाही. आम्हाला त्या कारखान्यात शेवटी उतारे काढून हाताने नोंदी तपासाव्या लागल्या.

याच ओघात आणखी एक खोड सांगतो, ती आमच्या धंद्यातल्या लोकांची. पुन्हा वापरायचा कोड म्हणजे सगळं फंक्शनमध्ये कोंबायचं असा समज होतो. बदलणाऱ्या गोष्टी कोडमध्ये ठेवायच्याच नसतात. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, बहुतेक वस्तूंचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. ज्यांनी दर टेबलात, लागू होण्याच्या तारखेसकट ठेवले होते, त्यांनी आदल्या संध्याकाळी नव्या ओळी भरल्या आणि घरी गेले. ज्यांनी दर फंक्शनमध्ये लिहिले होते त्यांनी रात्र जागवली, आणि मग ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं तर त्यावर नवा दर उमटला. कर कोणता लागतो हे मात्र कोडचं काम. आपल्याकडे निपाणीतून कागलला माल गेला की राज्य बदलतं, जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २९ चे २७ होतात, आणि सीजीएसटी-एसजीएसटीच्या जागी आयजीएसटी येतो. हा निर्णय बिल करणाऱ्या मुलीने रोज डोक्याने घ्यायचा नाही. एकाच फंक्शनने घ्यायचा, आणि बिल एकाला, माल दुसऱ्याला अशा व्यवहाराची वाटही त्यातच लिहून ठेवायची.

अक्षरी रकमेचं तसंच. इंग्रजीत वीसच्या पुढे शब्द जोडत गेलं की संख्या तयार होते. मराठीत एकोणपन्नास, त्रेसष्ट, एकोणनव्वद हे प्रत्येक वेगळे शब्द, एक ते नव्याण्णव सगळे लिहूनच ठेवावे लागतात. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी टाईप केली तर प्रश्नचिन्हं दिसतात, म्हणून कित्येकांनी एकेका अक्षराचा क्रमांक देऊन शब्द बांधले आहेत, ‘अ’ साठी २३०९ असं. मी तो छळ पाहिला आहे. तेच शब्द टेबलात ठेवले तर मराठी हवी तशी लिहिता येते, शेजारी कन्नडचा रकाना ठेवता येतो, आणि पावती ज्या भाषेत हवी त्या भाषेत निघते. चूक झाली तर शब्द सुधारायला प्रोग्रॅमर लागत नाही, ऑफिसातला कोणीही सुधारतो. आपल्या भागाला दोन भाषांत व्यवहार करायचाच आहे. मग त्याची तरतूद एका टेबलात, एकदाच, का करून ठेवू नये?

राहिला शेवटचा आक्षेप. लहान संस्थेने हे सगळं करायचं कशाला, तयार सॉफ्टवेअर विकत घ्यावं, सांभाळायला माणूस कुठून आणायचा? हिशेबाच्या वह्यांपुरतं हे बरोबर आहे. लेजर आणि ताळेबंद ठेवायला नवा प्रोग्रॅम लिहू नये, असं मीच सांगतो. पण तयार सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला माहीत नसतं की याच संस्थेत एक सभासद कर्नाटकच्या १९५९ च्या सहकार कायद्याखालच्या सोसायटीचा आहे आणि त्याचा भाऊ महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याखालच्या. त्याला आरटीसीवरचे आणे ठाऊक नसतात. जे आपलं म्हणून वेगळं आहे ते कुठल्याच पेटीत तयार मिळत नाही, ते आपल्यालाच जपावं लागतं. आणि त्याला वेगळा माणूस लागत नाही. लागतं ते कंत्राटात एक कलम: कामाचं बिल देताना मूळ मजकूर, फंक्शनांची यादी, प्रत्येकाचं मराठीत चार ओळींचं वर्णन आणि तपासणी तक्ता संस्थेकडे जमा झाला पाहिजे, नाहीतर शेवटचा हप्ता नाही. ऑडिटरने रोजकीर्द मागावी तसं हे वर्षातून एकदा मागावं. टिळकवाडीतल्या त्या बैठकीत हे कलम लिहून घ्यायला कागद काढला असता तर दोन तास सार्थकी लागले असते.

त्या कारखान्यात आता गुंठ्यांचा हिशेब एकाच फंक्शनमध्ये आहे. त्याची छापील प्रत गट ऑफिसच्या कपाटात, ठरावांच्या वहीशेजारी आहे. तपासणी तक्त्यात चोवीस ओळी आहेत, आणि प्रोग्रॅममध्ये कुणी काहीही बदललं तरी आधी तो तक्ता चालवून बघायचा असा नियम आता क्लार्कनेच घालून घेतला आहे. तक्त्यातली पहिली ओळ त्या म्हाताऱ्यांच्या रानाची आहे: २ एकर २० गुंठे अधिक १ एकर ३० गुंठे, उत्तर ४ एकर १० गुंठे.